शिट्टीवर ठेवलेला बत्ता

माझ्या मुलाने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा त्याच्या कानावर हेडफोन होता आणि तो कुणाशी तरी फार गोड बोलत होता. "जी मॅडम, बिल्कुल मॅडम, आपकी परेशानी मैं समझता हूँ." तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली. तो बोलता बोलता उठला, कानाजवळचं बटण दाबलं, पडदा सारून स्वयंपाकघरात आला आणि माझ्या कानशिलावर इतक्या जोरात मारली की माझं डोकं मांडणीवर आपटलं. वरची ताटं खाली पडली. ताटांचा आवाज झाला म्हणून अजून एक मारली. मग जाऊन खुर्चीवर बसला, परत बटण दाबलं आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, लाइन में कुछ डिस्टर्बन्स था."

त्या बटणाचं मला पुढे कळलं. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि आपलं बोलणं पलीकडे जात नाही. लाल दिवा दिसला की मी भिंतीला पाठ लावायला शिकले.

शास्त्री नगरात वरच्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. मधे दार नाही, पडदा आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, रेल्वेत खलाशी होते, बदलीने अकोल्याकडून जयपूरला आले आणि मी मागून आले. मुलगा इथलाच जन्मला. मालक वारल्यावर क्वार्टर सोडलं आणि या खोल्या घेतल्या. मुलगा इन्शुरन्सच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचा. सकाळी डबा घेऊन विद्याधर नगरच्या ऑफिसात जायचा, दिवेलागणीला यायचा. त्याची बायको, छोटी नात, मी, असं बरं चाललं होतं. मग कोरोना आला, ऑफिस बंद झालं आणि कंपनीने कॉम्प्युटर घरी पाठवून दिला. त्या दिवशी आम्ही त्या कॉम्प्युटरला हात जोडले होते. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आपली घरी चालून आली म्हणून.

मालकही मारायचे. ते मी लपवत नाही. पण ते दिवसभर रेल्वेच्या शेडमध्ये असायचे. शेडचा भोंगा झाला, ते जिना उतरले, की घर माझं व्हायचं. मी जोरात भांडी घासायची, शेजारणीला हाक मारायची, रेडिओ लावायची. माराचं दुखणं त्या वेळात विरून जायचं. संध्याकाळी परत काय व्हायचं ते होवो, पण मधला दिवस होता. मुलगा घरी बसला आणि मधला दिवस संपला.

घराचे नियम तो रोज वाढवत गेला. शिट्टी नको. मिक्सर नको. नळ धो धो नको. दाराच्या घंटीची तार त्याने स्वतः तोडली. सकाळी बुद्धवंदना मी मोठ्याने म्हणत असे, ती ओठातल्या ओठात आली. हाच पोरगा लहानपणी रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पंचशील घडाघडा म्हणायचा. बाया म्हणायच्या, याला भन्तेजी करा. जीवहिंसा करणार नाही हे पहिलं शील. ते मी पुटपुटत असताना तो गादीवर पालथा पडून मोबाईल बघायचा.

नात रडली की सूनबाई तिचं तोंड पदराने दाबायची. एकदा दाबता दाबता पोर निळी पडली. सूनबाई घाबरून ओरडली, तर त्याने गरम चहाचा पेला तिच्या अंगावर फेकला आणि केस धरून तिला जिन्यापर्यंत ओढत नेलं. तिची बांगडी फुटून मनगटात घुसली. गाड्या सुरू झाल्या तशी ती पोरीला घेऊन माहेरी निघाली. जाताना मला म्हणाली, "आई, तुम्हीही चला. हा माणूस तुम्हाला जिवंत ठेवणार नाही."

मी म्हटलं, "तुह्या मायच्या घरी मी कोणत्या तोंडानं येऊ? अन् याले कोण पाहीन?"

ती म्हणाली, "याला बघायला तुम्ही तरी उरल्या पाहिजेत ना."

ती गेली. मग माराला दुसरं अंग उरलं नाही.

कुकरचं मी एक कायम केलं होतं. वाफ धरायला लागली की शिट्टीवर खलबत्त्याचा बत्ता ठेवायचा. शिट्टी उचलत नाही, आवाज होत नाही. गॅस बारीक करायचा आणि डाळीच्या वासावरून अंदाज घेऊन बंद करायचा. हे बरेच दिवस जमलं. मग एकदा झाकणावरचा तो छोटा वॉल्व्ह उडाला. वाफ फार झाली की तो उडतो आणि कुकर वाचतो. कुकर वाचला, पण फुस्सकन मोठा आवाज झाला आणि मुलाने पोळपाट उचलून माझ्या पाठीत घातला. श्वास घ्यायला मला फार वेळ लागला. सायकलवर कुकर दुरुस्त करणारा भैया गल्लीत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, हा वॉल्व्ह सारखा गळतो, पक्का बंद करून दे. तो म्हणाला, "माताजी, इसे बंद नहीं करते." मी हट्टच धरला. त्याने भोकात स्क्रू आवळून दिला. आता कुकरला तोंडच उरलं नव्हतं.

गल्लीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हा बाया भेटायच्या. सगळ्यांचे पुरुष घरी. खालच्या मजल्यावरची भाभीजी राजस्थानी, जाडजूड, तोंडाची तिखट. तिचा नवरा बँकेत शिपाई. तो कामावर परत गेला त्या दिवशी तिने पेढे वाटले. मला म्हणाली, "तुम्हारे वाले का ऑर्डर आया?"

मी मान हलवली. नाही.

"आएगा, आएगा. सरकार भी कब तक इनको हमारे सिर पे बिठाएगी?" बाया बादल्या धरून हसल्या. मीही हसले. हसताना ओठावरची खपली फुटली. भाभीजीने ते पाहिलं आणि माझी बादली स्वतः उचलून वर आणून ठेवली.

पण मुलाची भीती खोटी नव्हती, हेही लिहायला पाहिजे. मधे थोडे दिवस कंपनीने काही जणांना ऑफिसात बोलावलं होतं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा मित्र ऑफिसात गेला. आमच्याकडे येऊन माझ्या हातचं पिठलं खाणारा तो मुलगा. तिथेच त्याला ताप धरला आणि दवाखान्यात खाट मिळेपर्यंत संपला. त्याचं प्रेत प्लास्टिकमध्ये बांधलेलं होतं. माझ्या मुलाने ते लांबून पाहिलं. घरी आला आणि कपाटाचा आरसा मुठीने फोडला. रक्त वाहत असताना म्हणत होता, "बोलावून मारलं त्याला. बोलावून मारलं." मी हात बांधायला गेले तर त्याच हाताने मला ढकललं. माझ्या पोलक्यावर त्याच्या बोटांचे लाल ठसे उठले.

मग कोरोनाच्या लसीच्या, त्या सुईच्या बातम्या सुरू झाल्या. त्याच्या मोबाईलमध्ये रोज कुणी ना कुणी सुई घेऊन पडायचा. सुईने माणूस नपुंसक होतो, हृदय बंद पडतं, असं काय काय. मी भाभीजीबरोबर शाळेतल्या कॅम्पात जाऊन गुपचूप घेऊन आले. दोन्ही वेळा. दंड दुखला, अंग कसकसलं, उतरलं.

त्यानंतर ऑफिसचा हुकूम आला. ऑफिस उघडतंय, सगळ्यांनी यायचं, दोन्ही सुया घेतल्याशिवाय गेटच्या आत सोडणार नाही, आणि नाही आलं तर नोकरी नाही. त्या दिवशी दुपारी त्याच्यासोबतची मुलं फोनवर एकत्र बोलत होती आणि त्याने फोन मोठ्याने लावला होता. मी पडद्याआड डाळ निवडत होते. एक मुलगी म्हणाली, माझे दिवस भरत आलेत, मी घेऊ का नको? एक जण म्हणाला, माझी आई डायलिसिसवर आहे, मी बाहेरून आजार घेऊन आलो तर? एक जण चिडून म्हणाला, "घर से काम हो रहा है ना? फिर बुलाना क्यों है?" कुणी म्हणालं, सर्टिफिकेट पैसे देऊन मिळतं. माझा मुलगा म्हणाला, "मैं नहीं जाऊँगा. और कोई ज़बरदस्ती करेगा तो हाथ तोड़ दूँगा."

सगळ्यांचे जीव टांगणीला लागले होते. आणि मी पडद्याआड बसून मनात म्हणत होते, हुकूम पक्का राहू दे. कुणी त्याला मागे घेऊ नये. हा जिना उतरू दे.

संध्याकाळी मी धीर केला. "बाबू, घेऊन घे ना रे. मी घेतली ना, दोन्ही. मले काय झालं?"

तो वळला. "तू कधी गेली?"

"भाभीजीसंगं."

"मला न सांगता? मतलब माझ्या घरात राहून माझ्या मागे हे धंदे?" त्याने माझा दंड धरला. जिथे सुई टोचली होती तिथेच अंगठा रुतवला आणि पिळला. "इथे? इथे घेतली? काढू बाहेर?" मी खाली बसले तर लाथ बरगडीत बसली. नंतर खोकला आला की मी तिथे हात दाबून धरायची, नाही तर डोळ्यांपुढे अंधारी यायची. मारून झाल्यावर तो स्वतःच रडायला लागला. "तू मेली तर मला कोण आहे? मरायला जाते तू!" आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून तसाच झोपला. त्याच्या केसात हात फिरवावा की नाही हे मला कळेना. मी हात वर धरून बसून राहिले.

शेवटच्या मुदतीच्या आदल्या दिवशी त्याने मॅडमशी बोलणं ठरवून घेतलं. मॅडम म्हणजे त्याची साहेब. व्हिडिओवर अजून दोन-तीन माणसं असणार होती. सवलत मागायची, घरूनच काम करू द्या म्हणायचं. सकाळीच मला म्हणाला, "आई, आज सुई पडल्याचा आवाज नको. आणि बरोबर एकला जेवण गरम पाहिजे."

मी डाळ चढवली. वाफ धरली, बत्ता ठेवला, गॅस बारीक केला. पलीकडे तो सांगत होता, मित्र मेला, मला झोप येत नाही, आई म्हातारी आहे, तिचं सगळं मलाच बघावं लागतं. मॅडम म्हणत होती, नियम सगळ्यांना एकच आहे. मी पडद्याजवळ सरकले. तिच्या शब्दावर माझं सगळं अडलेलं होतं. ती नाही म्हणेल का? ती नाही म्हणू दे. मी इतकी कान लावून होते की डाळीचा वास करपट झालेला मला कळलाच नाही.

कुकर फुटला. बॉम्ब फुटावा तसा. झाकण छताला लागून चुना सांडला, बत्ता खिडकीची काच फोडून गल्लीत गेला, आणि उकळती डाळ माझ्या मानेवर, खांद्यावर, उजव्या हातावर आली. मी गुरासारखी ओरडले. कातडी हाताबरोबर सरकत होती.

पडदा फाडून तो आत आला. कानावर हेडफोन तसाच. "किती वेळा सांगितलं! आजच! आजच करायचं होतं तुला!" आणि त्याने मारलं. भाजलेल्या मानेवर मारलं. मी पडले तर वरून मारलं. पडल्या पडल्या मी सवयीने त्याच्या कानाकडे पाहिलं. लाल दिवा नव्हता. बटण दाबायचं तो विसरला होता.

बाहेरच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला. "किसको मार रहे हो? हैलो? कौन चिल्ला रहा है?"

त्याचा हात हवेत थांबला. मग त्याने कानाजवळचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

बत्ता भाभीजीच्या दारात पडला होता. ती तो हातात घेऊनच वर आली. एका हाताने तिने मुलाला भिंतीशी लोटलं आणि बत्ता उगारून म्हणाली, "हिल के दिखा." तो हलला नाही. तिने मला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने विचारलं, हे कशाने? मी म्हटलं, कुकर. तिने माझ्या गालावरचे ठसे पाहिले. "और ये भी कुकर?" भाभीजी काही बोलणार तेवढ्यात मी तिचा हात दाबला. सिस्टरने ओठ आवळून मलम लावलं. पोलिसांत सांगायचं का असं तिने हळूच विचारलं. मी नको म्हटलं. मला त्याला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. मला त्याला ऑफिसात पाठवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. तिने माझ्याशी बोलायला मागितलं. मुलाने फोन स्पीकरवर टाकून माझ्या तोंडासमोर धरला. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते.

"माताजी, आप ठीक हैं?"

"ठीक हूँ. कुकर फट गया था."

मॅडम म्हणाली, "देखिए, कल यहाँ सबने सुना. ऑफिस में लड़कियाँ बैठती हैं, वो डर गई हैं. हम इनको अभी ऑफिस नहीं बुला रहे. ये घर से ही काम करेंगे. आप इनका ध्यान रखिए. इनका दिमाग ठीक नहीं है."

फोन बंद झाला. ऑफिसातल्या मुली घाबरल्या म्हणून त्याला घरी ठेवायचं ठरलं. घरी मी होते.

मुलगा हसायलाच लागला. "आई! झालं काम! सुई नाही, ऑफिस नाही!" खाली जाऊन गरम प्याज कचोरी घेऊन आला. माझा हात बांधलेला, म्हणून तुकडे करून मला भरवले. पहिल्या घासाला मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "बघ, आता मी आहे ना तुझ्याजवळ. रोज."

मला कचोरी गिळवेना. थुंकले असते तर हात उठला असता. पाण्याबरोबर ढकलली.

त्याच रात्री नाही, पण पुढच्या दिवसांत मी मनात एक जागा ठरवली. आदर्श नगरात माझ्या ओळखीची एक बाई राहते. तीही रेल्वेची विधवा, बडनेऱ्याची, होस्टेलच्या पोरींना डबे देते. भाभीजीच्या मोबाईलवरून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "येऊन जाय. कायले विचारतं?"

घरातून निघायची एकच वेळ होती, तो बोलत असतानाची. कॉल घेताना त्याला एकदम उठता येत नसे, बटण दाबायला तरी क्षण लागे. मी पिशवीत दोन पातळं, पेन्शनचं पासबुक, मलमाची ट्यूब घातली. तो म्हणत होता, "जी सर, आपकी शिकायत नोट कर ली है." मी पडदा सारला आणि त्याच्या मागून चालत गेले. कॉम्प्युटरच्या काचेत छोट्या चौकटीत त्याचा चेहरा होता आणि त्याच्या खांद्याआडून एक बाई जात होती, हात पांढऱ्या पट्टीत, मान वाकडी. ती मी होते हे मला जरा उशिरा कळलं. त्यानेही मला तिथेच पाहिलं. तोंडाने "जी सर" म्हणत राहिला आणि हात कानाकडे गेला. मी दाराबाहेर पडून बाहेरून कडी लावली. जिना उतरताना आतून दारावर पहिली लाथ बसली. भाभीजी खाली बत्ता घेऊन उभी होती. अजून तिने तो परत केला नव्हता. मी रिक्षात बसल्यावरच तिने वर जाऊन कडी काढली.

आता मी आदर्श नगरात असते. इथे सकाळपासून तीन कुकर शिट्ट्या देतात. पहिले दिवस मी प्रत्येक शिट्टीला भिंतीला टेकायची. बडनेऱ्याची हसायची, "अवं, डाळ हाय ते, दरोगा नाही."

काही महिन्यांनी भाभीजीचा फोन आला. कंपनीने नवा साहेब आणला, घरून काम बंद केलं. मुलाने दोन्ही सुया घेतल्या. "रोते रोते लगवाया. मेरे वाले का हाथ पकड़ के." आणि आता रोज सकाळी जिना उतरतो, संध्याकाळी येतो. ते ऐकून मी त्या दिवशी जेवले नाही. त्याचा हात धरायला मी नव्हते. आणि त्याच्या जिना उतरण्याचं जे सुख मी मागितलं होतं, ते मी सोडून आलेल्या घरात होतं.

मग मी जायला लागले. तो ऑफिसला गेल्यावर, भाभीजी फोन करेल तेव्हा. घराची एक किल्ली माझ्याकडे होतीच. घर उकिरडा झालेलं असे. मी झाडायची, नवा कुकर नेऊन ठेवला होता त्यात वरण लावायची, शिट्ट्या होऊ द्यायची, वंदना मोठ्याने म्हणायची, ताट झाकून ठेवायची आणि तो यायच्या आत कुलूप लावून निघायची. बडनेऱ्याची म्हणते, तू वेडी आहेस. असेन. तो ते वरण खातो. भांडं घासून पालथं ठेवतो. एकदा ताटाखाली त्याने माझ्यासाठी मलमाची नवी ट्यूब ठेवली होती. आम्ही एकमेकांना पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात भाभीजी गावाला गेली होती. मी नेहमीच्या वेळेला गेले. जिना चढून किल्ली काढली आणि थांबले. दाराशी त्याच्या चपला होत्या. आतून गोड आवाज येत होता, "जी मॅडम, बिल्कुल मॅडम." आता आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून, असा त्यांच्याकडे नवा नियम निघाला आहे. मला तो कुणी कळवला नव्हता.

माझ्या हातातली किल्ली दाराच्या कडीला लागून वाजली.

आतला आवाज मधेच थांबला. मी माझ्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरायला लागले.